महाविद्यालयीन रेडिओ : नव्या संगीताला मिळालेली राखीव जागा

रेडिओवर एखादे गाणे वाजते, तेव्हा त्यामागे कोणाचा तरी निर्णय असतो. शासकीय प्रसारणात हा निर्णय सांस्कृतिक धोरणाच्या चौकटीत घेतला जातो; व्यापारी वाहिनीवर तो जाहिरातदाराला हवा असलेला श्रोतृवर्ग डोळ्यांसमोर ठेवून घेतला जातो. पहिल्या व्यवस्थेत प्रतिष्ठा पावलेल्या संगीताला आणि दुसऱ्या व्यवस्थेत खपलेल्या संगीताला स्थान मिळते. जे संगीत नुकतेच जन्माला आले आहे, ज्याचा श्रोता अजून तयार व्हायचा आहे, ते दोन्हीकडे उपरेच ठरते.

अमेरिकेतील विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या छोट्या रेडिओ केंद्रांनी या प्रश्नाला एक वेगळे उत्तर दिले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत तेथील प्रायोगिक आणि ‘भूमिगत’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संगीताचा पहिला श्रोता बहुधा याच केंद्रांनी मिळवून दिला. हे केवळ तरुणांच्या उत्साहामुळे घडले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्यामागे वायुलहरींच्या वाटपाचे एक जाणीवपूर्वक आखलेले सार्वजनिक धोरण होते. भारतातही २००४ पासून शैक्षणिक संस्थांची केंद्रे प्रसारण करीत असल्याने या अनुभवाचा अभ्यास उपयुक्त ठरावा.

धोरणाचा पाया

महाविद्यालयीन रेडिओची सुरुवात १९३६ मध्ये ब्राऊन विद्यापीठात झाली असे मानले जाते. दोन विद्यार्थ्यांनी वसतिगृहांच्या खोल्यांपर्यंत तारांच्या साहाय्याने कार्यक्रम पोहोचविण्याची व्यवस्था तेथे उभारली. अशा केंद्रांची संख्या वाढू लागल्यावर १९४० मध्ये ‘इंटरकॉलेजिएट ब्रॉडकास्टिंग सिस्टिम’ ही त्यांची संघटना स्थापन झाली.

खरी कलाटणी मिळाली ती १९४५ मध्ये. एफएम प्रसारणासाठी नवा पट्टा ठरविताना ‘फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन’ या नियामक आयोगाने ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग अव्यापारी शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवला. या भागात २० वाहिन्या सामावतात. आधीच्या एएम पट्ट्यावर शैक्षणिक केंद्रे व्यापारी स्पर्धेत टिकू शकली नव्हती. तो अनुभव या निर्णयामागे होता. पुढे १९४८ मध्ये आयोगाने केवळ १० वॅट शक्तीच्या केंद्रांना परवाने देण्यास सुरुवात केली. अशा केंद्राचा आवाज काही किलोमीटरपलीकडे जात नसे. परंतु त्याचा खर्च एखाद्या लहान महाविद्यालयालाही परवडण्याजोगा होता.

राखीव पट्ट्यातील केंद्रांना जाहिराती विकता येत नाहीत. साहाय्य देणाऱ्याचा नामोल्लेख तेवढा करता येतो. वरकरणी ही अट जाचक वाटते. तथापि, तिचा एक अनपेक्षित लाभ झाला. जाहिरात नसल्याने श्रोत्यांची संख्या मोजण्याची निकड उरली नाही आणि एखादे अपरिचित गाणे ऐकून कोणी केंद्र बदलले, तरी त्याचा आर्थिक फटका बसण्याचे कारण राहिले नाही. राखीव लहरी, अल्प खर्च आणि जाहिरातीपासून मुक्तता या तीन गोष्टी एकत्र आल्याने प्रयोगाला पोषक अशी भूमी तयार झाली. प्रारंभीची काही दशके व्याख्याने, अभिजात संगीत आणि परिसरातील वार्ता यांवरच या केंद्रांचा भर राहिला. १९७० च्या दशकात मात्र विद्यार्थ्यांनी या मोकळिकीचा उपयोग निराळ्या दिशेने करण्यास सुरुवात केली.

‘भूमिगत’ संगीत म्हणजे काय?

‘भूमिगत’ हा शब्द मराठी वाचकाला १९४२ च्या आंदोलनाची आणि मुंबईतून उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओची आठवण करून देतो. तेथे प्रश्न सरकारी बंदीचा होता. संगीताच्या संदर्भात मात्र हा शब्द बाजारपेठेच्या कक्षेबाहेर राहिलेल्या निर्मितीसाठी वापरला जातो. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ज्यात गुंतवणूक केलेली नाही, ज्याच्या काही शेकडा प्रतीच निघतात आणि ज्याची विक्री टपालाने अथवा कार्यक्रमाच्या ठिकाणी होते, असे हे संगीत होय.

प्रायोगिक संगीत ही त्याला जवळची, परंतु वेगळी संज्ञा आहे. ध्वनिफितीचे तुकडे जोडून केलेली रचना, विद्युत उपकरणांच्या गोंगाटातून घडविलेला नाद, ठरावीक चाल व ताल न स्वीकारता केलेले सामूहिक उत्स्फूर्त वादन असे अनेक प्रकार तिच्यात मोडतात. अशा रचनांना तीन-चार मिनिटांच्या गीताचा साचा मानवत नाही. वीस मिनिटांची एकच रचना वाजविणे जाहिरातींच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या केंद्राला शक्य नसते. विद्यार्थ्यांच्या केंद्राला ते सहज शक्य होते.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पंक संगीताच्या लाटेबरोबर अमेरिकेत अनेक छोट्या स्वतंत्र ध्वनिमुद्रण संस्था निघाल्या. ध्वनिमुद्रण तुलनेने स्वस्त झाले होते. उणीव होती ती प्रसारणाची. त्याच सुमारास व्यापारी केंद्रे सल्लागारांनी ठरविलेल्या मोजक्या गाण्यांच्या यादीकडे झुकत होती. त्यामुळे निर्मिती वाढत असतानाच तिच्यासाठीची दारे मिटत चालली होती. ही पोकळी महाविद्यालयीन केंद्रांनी भरून काढली.

टपालाच्या पाकिटापासून प्रसारणापर्यंत

नवे संगीत केंद्रात येते कसे, हा या व्यवस्थेचा सर्वांत उद्बोधक भाग आहे. संगीतकार अथवा छोटी संस्था आपली ध्वनिमुद्रिका, ध्वनिफीत किंवा सीडी टपालाने केंद्राकडे पाठविते. अलीकडे संगणकीय फाइलही पाठविली जाते. केंद्राचा संगीत संचालक हा बहुधा विद्यार्थी किंवा स्वयंसेवक असतो. आलेले साहित्य ऐकून तो प्राथमिक निवड करतो. त्यानंतर निवडलेल्या ध्वनिमुद्रिका स्वयंसेवकांमध्ये परीक्षणासाठी वाटल्या जातात.

परीक्षकाचे टिपण अनेक केंद्रांत थेट मुखपृष्ठावर चिकटविले जाते. संगीताचा प्रकार, वादकांची माहिती, लक्षपूर्वक ऐकण्याजोग्या रचना आणि एखाद्या गीतात प्रसारणास अयोग्य शब्द असल्यास त्याविषयीची सूचना, असे त्याचे स्वरूप असते. पहाटे तीन वाजता कार्यक्रम सादर करणाऱ्या नवख्या निवेदकाला अनोळखी ध्वनिमुद्रिका हाताळताना याच टिपणाचा आधार असतो. वर्षानुवर्षे जमा होत गेलेली अशी टिपणे म्हणजे त्या केंद्राचा लिखित सांगीतिक इतिहासच होय.

परीक्षण झालेली ध्वनिमुद्रिका काही आठवडे ‘नवे’ म्हणून राखलेल्या फडताळात राहते. प्रत्येक निवेदकाने आपल्या वेळेतील ठरावीक वाटा या फडताळातून वाजवावा, असा दंडक अनेक केंद्रांत असतो. मुदत संपल्यावर ती मुख्य संग्रहात जाते आणि तिची जागा दुसरी नवी ध्वनिमुद्रिका घेते. निवेदकाला स्वतःच्या आवडीचे स्वातंत्र्य आहे. परंतु त्या स्वातंत्र्याला नवे ऐकण्याच्या बंधनाची जोड आहे. केवळ आवडीवर सोडले असते तर केंद्र हळूहळू परिचित गाण्यांकडेच वळले असते. वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिया येथील एव्हरग्रीन स्टेट कॉलेजच्या ‘केएओएस’ या केंद्राने तर आपल्या संगीतातील ८० टक्के वाटा स्वतंत्र संस्थांच्या ध्वनिमुद्रिकांचा असावा, असे धोरणच स्वीकारले होते.

वाजविलेल्या प्रत्येक रचनेची नोंद ठेवली जाते. १९७८ मध्ये रॉबर्ट हेबर यांनी सुरू केलेल्या ‘कॉलेज मीडिया जर्नल’ अर्थात ‘सीएमजे’ या नियतकालिकाने देशभरातील केंद्रांकडून अशा नोंदी मागवून सर्वाधिक वाजलेल्या ध्वनिमुद्रिकांच्या याद्या प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. त्यामुळे एका गावच्या केंद्राची पसंती दुसऱ्या गावाला कळू लागली. कोणत्या शहरात आपले श्रोते आहेत हे वादकांना समजले आणि त्यानुसार कार्यक्रमांचे दौरे आखता येऊ लागले. काही किलोमीटरपुरती मर्यादित असलेली शेकडो केंद्रे अशा रीतीने परस्परांशी जोडली गेली. २०१० च्या दशकात हे नियतकालिक बंद पडले. २०१७ पासून तशाच याद्या ‘एनएसीसी’ या नावाने निघू लागल्या.

उपलब्धी

या व्यवस्थेचे फलित काही ठळक उदाहरणांतून दिसते. जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावातून पुढे आलेल्या ‘आर.ई.एम.’ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९८१ मध्ये एका छोट्या संस्थेने काढली. महाविद्यालयीन केंद्रांनी तिला देशभर श्रोते मिळवून दिले. पुढे हा वाद्यवृंद जगप्रसिद्ध झाला. ‘निर्वाणा’ या नावाने नंतर विख्यात झालेल्या वाद्यवृंदाने १९८७ मध्ये ‘केएओएस’च्या स्टुडिओतून आपले संगीत सादर केले, तेव्हा त्याला हे नावही मिळालेले नव्हते. त्याचा १९९१ चा ‘नेव्हरमाइंड’ हा संग्रह जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

ही परंपरा केवळ गोऱ्या तरुणांच्या रॉक संगीतापुरती नव्हती. न्यूयॉर्क राज्यातील अडेल्फी विद्यापीठाच्या ‘डब्ल्यूबीएयू’ या केंद्राच्या परिसरातून ‘पब्लिक एनिमी’ हा हिप-हॉप गट आकारास आला. कोलंबिया विद्यापीठाच्या ‘डब्ल्यूकेसीआर’वर १९९० ते १९९८ या काळात मध्यरात्रीनंतर चाललेल्या एका कार्यक्रमातून नॅस आणि जे-झी यांच्यासारख्या कलावंतांचे आवाज त्यांच्या उमेदीच्या काळात ऐकू आले.

तथापि, केवळ पुढे प्रसिद्ध झालेल्यांवरून या केंद्रांचे मूल्यमापन करणे अपुरे ठरेल. कॅलिफोर्नियातील फूटहिल कॉलेजचे १९५९ पासूनचे ‘केएफजेसी’ हे केंद्र ज्या प्रायोगिक रचनांसाठी ओळखले जाते, त्यांतील बहुसंख्य कधीही विक्रीच्या याद्यांत आल्या नाहीत. न्यू जर्सीतील ‘डब्ल्यूएफएमयू’ हे १९५८ मध्ये अप्साला कॉलेजात सुरू झालेले केंद्र याहून बोलके आहे. हे महाविद्यालय १९९५ मध्ये बंद पडले. परंतु त्याआधीच कार्यकर्ते व श्रोते यांनी परवाना स्वतंत्र संस्थेकडे हस्तांतरित करून घेतला होता. श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या या केंद्रात कोणते संगीत लावावे हे आजही निवेदकच ठरवितो. मूळ संस्था नष्ट झाल्यावरही केंद्र जगते, याचा अर्थ त्याने आपला श्रोता घडविला होता, असाच घ्यावा लागेल.

मर्यादा आणि संकटे

या व्यवस्थेला प्रारंभापासून काही धोके होते. पहिला धोका नियमनाचा. राखीव पट्ट्यात गर्दी झाल्यावर मोठ्या सार्वजनिक केंद्रांसाठी जागा हवी, या कारणास्तव आयोगाने १९७८ मध्ये १० वॅटच्या नव्या परवान्यांना पूर्णविराम दिला आणि जुन्या केंद्रांना शक्ती वाढविण्यास भाग पाडले. ज्यांना ते परवडले नाही, त्यांचे संरक्षण कमी झाले. २००० मध्ये अल्पशक्ती एफएम हा १०० वॅटपर्यंतचा नवा परवाना-वर्ग निर्माण करून या चुकीची अंशतः भरपाई करण्यात आली आणि २०११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढविली.

दुसरा धोका आशयाचा. अमेरिकेत असभ्य मानली जाणारी भाषा रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतच प्रसारित करता येते. १९८७ मध्ये आयोगाने असभ्यतेविषयी ज्या मोजक्या केंद्रांवर ठपका ठेवला, त्यांत सांता बार्बरा येथील विद्यापीठाचे विद्यार्थी-केंद्र ‘केसीएसबी’ही होते. त्यानंतर परीक्षण-टिपणातील भाषेविषयीच्या सूचनेला अधिकच महत्त्व आले.

तिसरा धोका सर्वांत गंभीर ठरला. परवाना विद्यापीठाच्या नावे असतो; विद्यार्थ्यांच्या नव्हे. वायुलहरींची किंमत वाढल्यावर अनेक विद्यापीठांना आपले केंद्र ही विकता येण्याजोगी मालमत्ता वाटू लागली. ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठाने ‘केटीआरयू’ची वाहिनी व प्रक्षेपक सुमारे ९५ लाख डॉलर्सना विकण्याचा निर्णय २०१० मध्ये घेतला. विद्यार्थी व श्रोते यांचा विरोध निष्फळ ठरला. जानेवारी २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील ‘केयूएसएफ’चे एफएम प्रसारणही असेच एकाएकी थांबले. ‘केटीआरयू’ २०१५ मध्ये पुन्हा एफएमवर आले, ते अल्पशक्ती परवान्याच्या आधारे. जे धोरण १९७८ मध्ये मोडीत काढले गेले होते, त्याचीच सुधारित आवृत्ती अखेर कामी आली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता कोणतेही संगीत इंटरनेटवर उपलब्ध असताना अशा केंद्रांची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. उपलब्धता आणि परिचय यांत अंतर आहे. इंटरनेटवरील संगीतसेवांच्या शिफारशी मुख्यतः श्रोत्याने पूर्वी काय ऐकले यावर आधारलेल्या असतात. ज्याला पूर्वेतिहास नाही अशा नव्या रचनेसाठी ही पद्धत प्रतिकूल आहे. एखाद्या माणसाने ऐकून, पारखून, नाव सांगून दुसऱ्याला ऐकविण्याचे कार्य महाविद्यालयीन केंद्र करते आणि त्याची जागा संगणकीय गणिताने पूर्णपणे घेतलेली नाही.

भारतीय संदर्भ

संगीताची निवड केवळ वरून ठरविण्याचे परिणाम भारताने अनुभवले आहेत. १९५२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीने चित्रपटगीतांवर कठोर मर्यादा घातल्या. निर्मात्यांशी वाद होऊन ही गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोहोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करण्यात आली. केसकरांच्या धोरणामुळे शास्त्रीय संगीताला मोठा आधार मिळाला, हे मान्य करावेच लागेल. परंतु श्रोत्याची रुची आदेशाने बदलत नाही, हाही धडा त्यातून मिळाला.

वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात दिला. त्यानंतर डिसेंबर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना केंद्र चालविण्याची मुभा देणारे धोरण जाहीर झाले. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातील पहिले कॅम्पस केंद्र सुरू झाले. नोव्हेंबर २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी हा हक्क स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनाही दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील सामुदायिक केंद्रांची संख्या ४८१ असल्याचे सांगण्यात आले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, मुंबई विद्यापीठ तसेच पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट यांनी महाराष्ट्रात अशी केंद्रे उभारली.

अमेरिकी आणि भारतीय व्यवस्थांची तुलना केल्यास साम्य व भेद दोन्ही आढळतात. अल्प शक्ती हे साम्य आहे : भारतात प्रभावी प्रक्षेपण शक्ती सामान्यतः १०० वॅटपर्यंत असते आणि आवाज साधारणतः ५ ते १० किलोमीटरपर्यंत पोहोचतो. किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक समुदायाच्या सहभागाने तयार व्हावेत, ही भारतीय अट अमेरिकी नियमांच्या पुढे जाणारी आहे. याउलट, जाहिरातींना भारतात मर्यादित परवानगी आहे; २०२४ च्या सुधारित तत्त्वांनुसार ही मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटांवर नेण्यात आली. त्यामुळे केंद्रांचे आर्थिक बळ वाढेल. मात्र श्रोतृसंख्येचा दबावही त्याबरोबर येऊ शकतो, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

भारतीय धोरणाचा भर विकास, शिक्षण, आरोग्य व कृषी यांवर आहे आणि तो योग्यच आहे. परंतु त्यातील ‘संस्कृती’ या घटकाचा अर्थ बहुधा जतन असा घेतला जातो. ओव्या, भारुडे, आदिवासी गीते यांचे ध्वनिमुद्रण करून ती जपणे मोलाचे आहेच. त्याचबरोबर आजचा विद्यार्थी खोलीत संगणकावर जे संगीत रचतो आहे, आपल्या बोलीत जे रॅप लिहितो आहे, तीही त्याच समुदायाची संस्कृती आहे. व्यापारी एफएम वाहिन्यांवर चित्रपटसंगीताचे प्राबल्य असल्याने या निर्मितीला प्रसारणाचा मार्ग जवळजवळ उपलब्ध नाही.

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. नव्या स्थानिक ध्वनिमुद्रणांसाठी एक खुली पेटी, विद्यार्थ्यांची परीक्षण समिती, लिखित टिपणे, आठवड्यातील काही तास अशा संगीतासाठी राखण्याचा दंडक आणि वाजविलेल्या रचनांची नोंद एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. स्वामित्वहक्काची बाजूही येथे सुलभ आहे. प्रकाशित ध्वनिमुद्रणांसाठी स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१-डी नुसार प्रसारकाला पूर्वसूचना देऊन व निश्चित मानधन भरून वैधानिक परवाना मिळतो. शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण हे सर्व ज्याचे स्वतःचे आहे, अशा नवोदिताची मात्र लेखी संमती पुरेशी ठरू शकते.

अमेरिकी अनुभवातून शेवटी दोन गोष्टी स्पष्ट होतात. नव्या कलेला श्रोता आपोआप मिळत नाही. त्यासाठी सार्वजनिक साधनसंपत्तीचा काही भाग बाजाराच्या हिशेबापासून दूर ठेवावा लागतो. आणि असा भाग राखून ठेवणे पुरेसे नसते, कारण राखलेली जागा विकलीही जाऊ शकते. तिचे रक्षण करायचे असेल, तर केंद्राच्या कारभारात विद्यार्थी व श्रोते यांना औपचारिक स्थान असले पाहिजे. भारताने वायुलहरींचा वाटा शैक्षणिक संस्थांना दिला आहे. त्या वाट्यातून उद्याचे संगीत ऐकू येईल की नाही, हे आता प्रत्येक केंद्राच्या फडताळात नव्यासाठी किती जागा ठेवली जाते यावर अवलंबून राहील.